क्रूर कोठ्याचे काका

जयपुरात माणूस दालबाटी चापतो, चुरम्यावर तुपाची धार धरायला लावतो, दुपारी प्याज कचोरी रिचवतो आणि सकाळी साऱ्या जगावर रुसून बसतो. आमचे काका नोकरीपायी तिकडे गेले ते तिकडचेच झाले; पोट तेवढं कोकणातलं राहिलं. एका वैद्यांनी त्यांचा कोठा ‘क्रूर’ असल्याचं सांगितलं. पोट किती सहज साफ होतं त्यावरून मृदू, मध्यम, क्रूर ही आयुर्वेदातली साधी वर्गवारी. पण जन्मात काकूपुढे आवाज न चढवलेल्या माणसाला ती पदवी एवढी भावली की आल्यागेल्याला ऐकवू लागले.

पदवीला साजेसं औषधही हवंच. परकोट्यातल्या, म्हणजे तटबंदीआतल्या जुन्या शहरातल्या, पंसाऱ्याकडे मीही गेलो होतो. त्याने बहाव्याची हातभर काळी शेंग कानाशी खुळखुळवली आणि कडकन मोडली. आत चवल्यांसारख्या चकत्या, त्यांवर चिकट काळा मगज. मग आल्या सोनामुखीच्या चपट्या शेंगा. हिरडा, बेहडा, आवळा तर होतेच. ‘‘फल ही तो है, बाबूजी! नुकसान कैसा?’’ काका विरघळले. धोतऱ्यालाही फळच धरतं आणि ते आपण शंकरावर ढकलतो, असं मी पुटपुटलो. पण ऐकतो कोण?

सोनामुखीतली सेनोसाइड ही द्रव्यं आतड्याला अक्षरशः ढोसतात. रात्री घेतली की 6 ते 12 तासांत निकाल. चार-सहा दिवसांपुरतं ठीक. काकांनी मात्र महिनोन्‌महिने शेंगांच्या चूर्णाची फक्की मारली. अशाने शरीरातलं पोटॅशियम घटतं. त्यात त्यांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आणि तीही पोटॅशियम बाहेर काढणारी. रात्री पायांत गोळे येऊ लागले, तपासणीत पोटॅशियम तळाला.

‘‘आणखी काही औषध घेता?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘छे! औषध कसलं? फळं खातो.’’

काकूने पिशवीतून चूर्णाचा डबा काढून टेबलावर आपटला.

शेंगा बंद झाल्या. त्यांच्या जागी इसबगोल आलं, तेही पेलाभर पाण्यातूनच. कोरडं घेतलं तर घशातच फुगून बसायचं. भाज्या वाढवा, कचोरी आवरा, चाला, असंही सांगून झालं. काकांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि जिना उतरताना काकूला हळूच विचारलं, ‘‘अगं, एकादशीला फळं चालतात ना?’’