दहा लाखांत एक

पिंपरी-चिंचवडमध्ये निवृत्त माणसांच्या काही ठरलेल्या तऱ्हा आहेत. एक तऱ्हा प्राधिकरणातल्या बागेत सकाळी हास्यक्लब चालवते. दुसरी सोसायटीत आलेल्या टँकरच्या पावत्या जपून ठेवते. तिसरी मावळात दोन गुंठे घेऊन आंब्याची रोपं लावते आणि ती कोणाच्या म्हशींनी खाल्ली याचा तपास करण्यात उरलेलं आयुष्य घालवते. अलीकडे यांत एका चौथ्या तऱ्हेची भर पडली आहे. ती रविवारी उजाडायच्या आत गमबूट चढवून नदीवर जाते आणि सोनं शोधते.

या लोकांची संख्या फार नाही, पण ओळखायला सोपे. मानेवर झालर लोंबणारी टोपी, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट आणि गाडीच्या डिकीत फावडं, बादली, चाळण्या, भिंग, लोहचुंबक. शिवाय तो हिरवा प्लास्टिकचा पॅन. पॅन ऑनलाइन येतो. त्याच्या एका बाजूला आतून खाचा असतात. त्यात वाळू घेऊन पाण्याखाली हलवत राहिलं की हलकं ते वाहून जातं आणि जड ते खाचांत बसतं. सोनं पाण्याच्या 19 पट जड, साधी वाळू अडीच पट. तेव्हा शेवटी सोनंच उरणार, अशी एकंदर योजना. आमच्या सोसायटीतल्या नमुन्याला पोरं सोनकाका म्हणतात. सोनकाकांनी सुरुवात काकूंच्या पिठाच्या चाळणीपासून केली होती. ती चाळणी आता काकू स्वयंपाकघरात घेत नाहीत आणि काका नदीवर नेत नाहीत, कारण तिची भोकं एका मापाची नाहीत.

हा नाद लागला चिखलीमुळे. 2021 च्या मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी मोगलकालीन सोन्याची 216 नाणी जप्त केली. वजन दोन किलोंच्या वर. चिखलीत एका बांधकामावर खोदताना ती मजुरांना सापडली होती आणि त्यांनी ती मुकाट्याने घरी नेली होती. नाणी सरकारजमा झाली. शहरातल्या निम्म्या लोकांना एकच हळहळ लागून राहिली, की आपल्या बिल्डिंगचा पाया खणत होते तेव्हा आपण कुठे होतो? बाकीच्यांची हळहळ आठवड्याभरात ओसरली. काकांनी मात्र नकाशा काढला. चिखलीच्या शिवारालगत इंद्रायणी. कधीतरी पूर आला असेल, काठ ढासळला असेल, एखादा हंडा फुटला असेल. तीन 'असेल' एकापुढे एक मांडले की काकांच्या लेखी तो पुरावा होतो.

कायद्याची बाजूही त्यांनी सोडली नाही. पुरून ठेवलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, असं 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो. काकांनी तसा अर्ज आगाऊच लिहून ठेवला आहे. दिनांक, ठिकाण आणि वजन एवढ्या जागा रिकाम्या आहेत. नदीवर भिजू नये म्हणून त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला. आता त्या रिकाम्या जागांत पेन चालणार नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

पुढे हंडा मागे पडला आणि नदीचं स्वतःचं सोनं डोक्यात शिरलं. यात अडचण तशी एकच आहे, पण ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आहे. पवना, इंद्रायणी, भामा, तिघीही सह्याद्रीतून निघतात आणि लाव्हाच्या थरांवरून वाहतात. म्हणजे खाली सगळा काळा बेसॉल्ट. आपल्या देशात नदीत सोन्याचे कण मिळतात ते याहून कितीतरी जुन्या खडकांच्या प्रदेशात: झारखंडची सुवर्णरेखा, केरळात निलांबूरजवळची चालियार. कोलारची खाण आणि हट्टीची खाण त्याच जुन्या कुळातली. महाराष्ट्रात शोधायचंच तर नागपूर-भंडाऱ्याकडे जावं. भूगर्भशास्त्र शिकवलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी बागेत काकांना हे सगळं नीट समजावून सांगितलं. बेसॉल्टमध्ये सोनं असतं, पण अब्ज भागांत दोन-चार भाग, असंही सांगितलं. हेतू नाउमेद करण्याचा होता. काकांनी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. एक ग्रॅम सोन्यासाठी साधारण तीनशे टन दगड, म्हणजे पंधरा-वीस डंपर, आणि तोही पिठासारखा दळून. मान वर करून ते म्हणाले, "म्हणजे आहे!"

याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत जे खरोखर असतं, त्याकडे काका बघत नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या दगडखाणींत निघणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरचे संग्राहक मागून घेतात. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट तर त्या मंडळींत पंढरपूरच्या बुक्क्याइतकं मानाचं. सिन्नरला 'गारगोटी' नावाचं अख्खं संग्रहालय या दगडांवर उभं आहे. काठावरच्या फुटलेल्या खडकात असा पांढराशुभ्र झुबका दिसला, की काका तो बुटाने बाजूला सारतात आणि खालची वाळू घेतात.

आता या माणसाची नोकरी सांगायला हवी, त्याशिवाय हा नाद कळायचा नाही. सोनकाकांची उभी हयात चाकण-भोसरीच्या पट्ट्यात क्वालिटीत गेली. मोटारींचे सुटे भाग, मोठ्या कंपनीला पुरवठा, मापात फरक पडला तर लॉट परत. त्या जगात दोष पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे दहा लाख नगांत किती. दहा लाखांत पाच निघाले तर मीटिंग, पन्नास निघाले तर ग्राहकाचा माणूस दारात. दहा लाखांतला तो एक नग हुडकण्यासाठी काकांनी डोळे, मणके आणि दिवाळीच्या सुट्ट्या घालवल्या. सापडला की शाबासकी कोणी देत नसे, उलट सापडला म्हणून जाब विचारत. आणि खाणकामातही सोनं पीपीएममध्येच मोजतात! टनाला एक ग्रॅम म्हणजे बरोबर एक पीपीएम. हे वाचलं त्या रात्री काकांना झोप लागली नाही. आयुष्यभर जो आकडा शून्याकडे न्यायचा, तो इथे वाढला तर आनंद व्हायचा होता. माझ्या मते सोन्याचा मोह त्यात फार थोडा आहे. दहा लाखांत एक सापडावा आणि त्याबद्दल शिव्या बसू नयेत, एवढंच या माणसाला हवं आहे.

सवयी अर्थातच सुटलेल्या नाहीत. वाळूच्या प्रत्येक पिशवीला लॉट नंबर असतो. 'पवना / रावेत / आतलं वळण / वरचा थर.' नदी वळते तिथे आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो आणि जड कण खाली बसतात. काकांचे नमुने तिथलेच, हे शास्त्राला धरून आहे. तपासणीचा तक्ता असतो, खाली 'तपासणारा' आणि 'मंजुरी देणारा' अशा दोन सह्या, दोन्ही काकांच्या, पण वेगवेगळ्या पेनांनी. चाळीस पिशव्यांचा तक्ता त्यांनी मला दाखवला. निकालाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. नोकरीत असा तक्ता मिळाला असता तर कंपनीने पेढे वाटले असते.

पॅनमध्ये शेवटी उरते ती काळी वाळू. ती लोहचुंबकाला चिकटते, कारण ते मॅग्नेटाइट असतं आणि बेसॉल्टमध्ये ते मुबलक असतं. काका ती कॉफीच्या बाटल्यांत भरून गॅलरीत ठेवतात. काळी वाळू असेल तिथे सोनं असतं, असं त्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका दाढीवाल्याच्या व्हिडिओत ऐकलं आहे. कॅलिफोर्नियात ते खरंही असेल.

इंद्रायणीवर काका मोशीपासून वर देहूपर्यंत जातात. सोनं आणि माती ज्याला सारखीच होती तो संत याच काठावर राहिला, आणि याच काठावर काकांनाही माती सोन्यासारखीच वाटते, फक्त उलट बाजूने. देहूच्या डोहाने वर काढून दिल्याचं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेलं धन म्हणजे गाथा, आणि तीही कागदाची. खाली आळंदीकडे कारखान्यांचं आणि शहराचं पाणी मिसळून नदीवर पांढरा फेस तरंगतो. तिथे काका पॅन घालत नाहीत. घाटावरची पोरं मात्र दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात. भाविकांनी टाकलेली स्टीलची नाणी त्याला लगडून वर येतात. काकांनी एकदा त्यातल्या एकाला थांबवून सांगितलं, की बाळ, सोनं लोहचुंबकाला चिकटत नाही. पोराने हातातली चिल्लर मोजली, काकांच्या पॅनमध्ये वाकून बघितलं आणि म्हणालं, "तुमच्याला काय चिकटलं?"

भामेवर निराळाच प्रकार झाला. चाकणच्या उत्तरेला टोपीवाला माणूस हातात उपकरण घेऊन नदीकाठी वाकलेला दिसला, की गावाला एकच शंका येते: मोजणी. या तालुक्याने एमआयडीसीचे टप्पे पाहिलेत, विमानतळ येणार म्हणून ऐकलंय आणि तो पुरंदरला गेलेलाही पाहिलाय, रिंगरोडच्या रेघा मोबाइलवर फिरताना पाहिल्यात. बांधावरून एक पाटील खाली उतरले.

"सायेब, कंचा गट चाललाय?"

"गट नाही हो. वाळूचा नमुना घेतोय."

"आसं व्हय. मंजी पुलाचं काम."

काकांनी सोन्याचं खरं खरं सांगितलं. पाटील समंजसपणे हसले. सरकारी माणूस खरं सांगत नाही, हे त्यांना माहीत होतं. काकांना घरी नेऊन चहा पाजला, भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या. पुढच्या रविवारी काका पोचले तेव्हा काठावर दोन एजंट पांढऱ्या गाड्या लावून उभे, आणि गुंठ्याचा भाव वर सरकलेला. काकांच्या आजवरच्या मेहनतीतून कोणाला सोनं झालं असेल तर ते त्या गावाला. पाटलांचा अजून अधूनमधून फोन येतो, परत मोजणीला कधी येताय म्हणून.

या पट्ट्यात सोनं कुठून येतं हे खरं तर उघड आहे. ते सातबाऱ्यातून येतं. भोसरीच्या दत्ता फुगे यांचा तीन किलोंहून जड सोन्याचा शर्ट जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला, त्यातला एक तारही कोणी नदीत धुऊन काढला नव्हता. कुदळवाडीतल्या एका भंगारवाल्यानेही काकांना हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. तिथली गोदामं 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडायच्या आधीची गोष्ट. "काका, नदीत कशाला? माझ्याकडे कॉम्प्युटरच्या पट्ट्या घ्या." त्याचं म्हणणं चूक नव्हतं, सर्किट बोर्डांच्या एका टनात चांगल्या खाणीच्या टनभर दगडापेक्षा कितीतरी जास्त सोनं असतं. काकांनी नकार दिला. भंगार म्हणजे रिजेक्शन, आणि रिजेक्शनला हात लावायचा तर आधी फॉर्म भरावा लागतो.

आणि एक दिवस रावेतच्या वळणावर पॅनमध्ये पिवळं चमकलं. नखाच्या टोकाएवढं, किंचित वळलेलं. काकांनी चिमट्याने ते कुपीत घातलं, आम्हा सगळ्यांना दाखवलं आणि काकूंच्या सराफाकडे नेलं. काकू तिथे दर महिन्याला भिशी भरतात. तोळ्याचा भाव लाखापलीकडे गेला तरी त्यांनी खंड पडू दिला नाही. त्यांच्या नावावर जमलेल्या सोन्याबद्दल काकांसमोर बोलायचं नाही, असा घरात संकेत आहे. सराफाने तुकडा कसोटीवर घासला. पिवळी रेघ उठली. काकांनी काकूंकडे पाहिलं. सराफाने रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला आणि रेघ हिरवट होऊन नाहीशी झाली. पितळ.

दुसऱ्या कुणाचा चेहरा पडला असता. काकांनी खिशातून भिंग काढलं आणि तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लेथचा कीस आहे. टूलची धार गेलेली, तरी बदललेलं नाही. कोणाचं वर्कशॉप आहे शोधायला पाहिजे." पुढचे दोन रविवार ते वळणाच्या वर असलेल्या नाल्याने सांडपाण्याचा माग काढत हिंडले. इतके खूष मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

सोन्यासाठी माती धुणारे धंदेवाईक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना झारेकरी म्हणतात. ते नदीच्या नादी फारसे लागत नाहीत. सराफकट्ट्यावरच्या दुकानांपुढची धूळ झाडून नेतात, गटारातला गाळ उपसतात, तो पाटीत धुतात आणि उरलेले कण पाऱ्याने धरतात. सोनं जिथे माणसांच्या हातून सांडतं तिथेच ते शोधावं, एवढं साधं शहाणपण त्यांच्या धंद्यात आहे. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आदराने ऐकलं आणि म्हणाले, "पण ते रिकव्हरी झालं. माझं एक्सप्लोरेशन आहे."

मग गेल्या महिन्यात सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर भांडी घासताना एका सुनेच्या बोटातली अंगठी मोरीतून गेली. प्लंबरने पाइप उघडून हात वर केले. सासूबाईंचा आवाज पार्किंगपर्यंत येत होता. सेक्रेटरींना एकदम सोनकाका आठवले. काका पूर्ण पोशाखात आले, टोपीसकट. चेंबरचं झाकण काढायला लावलं, गाळाच्या तीन बादल्या भरून घेतल्या, प्रत्येकीवर खडूने नंबर टाकला आणि बागेच्या नळाखाली पॅन घेऊन बसले. सगळी सोसायटी नाकाला पदर आणि रुमाल लावून भोवती उभी. पहिल्या बादलीत काही नाही. दुसरीत चमचा, दोन बटणं आणि खूप मेथी. तिसऱ्या बादलीचा गाळ काकांनी घोळून घोळून वाहवला, पाणी निवळलं, आणि खाचेत अंगठी आडवी पडलेली दिसली.

टाळ्या झाल्या. सुनेने काकांना वाकून नमस्कार केला. सासूबाई शिऱ्याचं बघायला वर गेल्या. काका मात्र अंगठी भिंगाखाली धरून बसलेले, आणि चेहऱ्यावर लॉट परत आल्याची कळा.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. "सोनं नाही का?"

"सोनंच आहे. बावीस कॅरेट." काकांनी अंगठीची आतली बाजू वर केली. "पण हॉलमार्क आहे याच्यावर. सहा अक्षरी नंबरसुद्धा आहे. हे निसर्गाचं नाही."

"मग परत टाकता का चेंबरमध्ये?"