पिस्तुलाची सकाळची बॅच

डोंबिवलीत क्लास नाही अशी विद्या अजून जन्माला यायची आहे. दहावी-बारावीचे तर आहेतच. शिवाय अबॅकस, वैदिक गणित, कथक, संवादिनी, उकडीचे मोदक, सुंदर हस्ताक्षर आणि मुलाखतीला खुर्चीत कसं बसावं याचेही आहेत. फडके रोडवर डोळे मिटून दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी क्लासच्या पाटीवर बसेल, आणि नेमका बसला तर वरच्या खिडकीतून सर विचारतील, "नेमबाजीची बॅच कुठली रे तुझी?"

तेवढी एक बॅच मात्र गावात नाही. मागणी आहे. आमच्या सोसायटीचे खजिनदार काका हल्ली "छोटंसं, खिशात मावेल असं" पिस्तूल घ्यायचं म्हणताहेत. माणूस बँकेतून निवृत्त झालेला. दुसऱ्याच्या सहीवर संशय घेण्याचा आयुष्यभर पगार घेतला. आता संशय तेवढाच आहे, सह्या कमी झाल्या आहेत. "काळ कठीण आलाय, स्वसंरक्षण शिकलंच पाहिजे," असं ते लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगतात. नेमकं कुणापासून, असं विचारलं की त्यांचं बोट आधी रस्त्याकडे जातं आणि मग हळूच वरच्या मजल्याकडे, जिथून त्यांच्या बाथरूममध्ये पाणी गळतं.

काकांच्या या शिकण्याच्या हौसेला सरकारचा पाठिंबा आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना हवा तर प्रशिक्षण घ्यावं लागतं. अर्जाचा नमुना ए-1, प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राचा एस-1. एस-1 म्हटल्यावर काकांना कोकणकन्येचा स्लीपरचा डबा आठवला आणि त्यांनी वेटिंग किती आहे ते विचारलं. वय 21 पूर्ण हवं, डॉक्टरचा दाखला हवा, पोलिसांचा अहवाल हवा. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत, भिवंडी धरून, अर्ज जायचा ठाणे पोलीस आयुक्तालयात. अभ्यासक्रमात हत्यार सुरक्षित कसं ठेवावं, कसं हाताळावं, कसं न्यावं, गोळी कशी झाडावी आणि निगा कशी राखावी, हे सगळं आहे. कधी झाडू नये याचं प्रात्यक्षिक तेवढं नाही. ते आपल्या ठाणे जिल्ह्याने स्वखर्चाने करून दाखवलं.

2 फेब्रुवारी 2024, शुक्रवारची रात्र. उल्हासनगरचं हिल लाइन पोलीस ठाणं. तेही अंगण किंवा फाटक नव्हे, थेट वरिष्ठ निरीक्षकांची केबिन. द्वारली गावच्या जमिनीचा वाद. एका बाजूला कल्याण पूर्वचे भाजपचे आमदार गणपत गायकवाड, दुसऱ्या बाजूला शिंदे यांच्या शिवसेनेचे शहरप्रमुख महेश गायकवाड. आडनाव एक, सरकार एक, युती एक. जमीनही एकच असल्यामुळे अडचण झाली. पिस्तूल परवान्याचं. महेश गायकवाड यांच्या अंगातून ठाण्याच्या रुग्णालयात सहा गोळ्या काढाव्या लागल्या, त्यांचे एक सहकारीही जखमी झाले. सुदैवाने दोघेही वाचले. आमदारांनी त्यानंतर वृत्तवाहिनीला फोनवर सांगून टाकलं की होय, मीच झाडल्या. पोलिसांच्या समोर माझ्या मुलाला धक्काबुक्की होत होती, मग मी काय करणार? प्रकरण न्यायालयात आहे आणि निकाल न्यायालयच देईल. सदरलेखकाने न्यायदान करू नये, तेवढं मानधन त्याला नसतं.

पण कायद्याचं पुस्तक उघडून बघायला कुणाची हरकत नसावी. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं 99 वं कलम (आता न्याय संहितेत ते 37 वं झालं आहे) असं म्हणतं की, सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क उरत नाही. आता बोला! इथे धाव घेऊन झाली होती. पायरी चढून, केबिनमध्ये शिरून, पोलिसांच्याच खुर्चीत बसून झालं होतं. याच्या पुढे धावायचं तर मंत्रालयच उरतं, आणि तिथे दोन्ही पक्षांची माणसं आधीच बसलेली. संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेसाहेबांचा कल्याण पूर्वेचा अभ्यास कच्चा होता, एवढंच म्हणता येईल.

त्या केबिनमधला सीसीटीव्ही चालू होता, ही मला त्या रात्रीची सर्वात आश्चर्यकारक गोष्ट वाटते. सोनसाखळी गेली की आमच्या चौकातला कॅमेरा हमखास 'मेंटेनन्स'ला गेलेला असतो. इथे मात्र राज्याने सगळं चित्रण पाहिलं आणि पिस्तूल कसं काढावं, याचा धडा घरोघरी पोचला. पुढे त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या विधानसभा निवडणुकीत भाजपने कल्याण पूर्वेची उमेदवारी आमदारांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना दिली, महेश गायकवाड अपक्ष उभे राहिले. म्हणजे मतदान यंत्रावर गोळ्या झाडणारी बाजूही होती, झेलणारीही होती. सुलभाताई निवडून आल्या. काकांनी यातून काढलेला निष्कर्ष असा, की पिस्तुलाने घराण्याचं काही नुकसान होत नाही. मी त्यांना तळोजा तुरुंगाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "तिकडे आता मेट्रो झाली ना?"

हिल लाइनला आठवडा व्हायच्या आतच, 8 फेब्रुवारीला, फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना दहिसरचे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. मारणाऱ्याने वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं. संरक्षणासाठी माणूस ठेवला, माणसाने पिस्तूल ठेवलं आणि तेच मालकाने उचललं. नंतर स्वतःवरही चालवलं. इथे थट्टा सुचत नाही, पुढे जाऊ.

गोविंदाचं त्या मानाने बरं. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे जुहूच्या घरी त्याचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना खाली पडलं आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. निघाला होता कोलकात्याला, पोचला रुग्णालयात. हल्लेखोराचा तपास कपाटाशीच संपला. 'सुरक्षित कसं ठेवावं' हा अभ्यासक्रमातला पहिलाच धडा, आणि त्यातच इतकी मोठी माणसं अडकतात, हे मी काकांच्या कानावर घातलं. "आमचं कपाट लोखंडी आहे," काका म्हणाले. गोळी लोखंडी कपाटावर आपटून परत येऊ शकते, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. वरच्या मजल्यावरचे माझे मित्र आहेत.

आता अर्जातली मुख्य गोम. तुमच्या जिवाला धोका कसला, हे पटवून द्यावं लागतं. काकांनी त्यावर कच्चा मसुदा केला आणि तो मला वाचायला दिला. त्यात पहिला धोका रिक्षावाला, जो मीटर या यंत्राला ओळखत नाही. दुसरा धोका बिल्डर. बनावट कागदपत्रांवर महारेराची नोंदणी मिळवून उभ्या राहिलेल्या डोंबिवलीतल्या 65 इमारती पाडा असं उच्च न्यायालयाने म्हटलं, त्यात काकांच्या भाच्याने आयुष्याची कमाई घातली होती. तिसरा धोका एमआयडीसी: 2016 च्या मे महिन्यात प्रोबेस कंपनीत स्फोट, 2024 च्या मे महिन्यात अमुदान कंपनीत, दोन्ही वेळा काकांच्या घराची तावदानं हलली. चौथा धोका मुंब्र्याचं वळण. 9 जून 2025 च्या सकाळी तिथे लोकलच्या दारातली माणसं खाली पडली, जीव गेले. काकांचा मुलगा रोज त्याच वेळेला त्याच दारात असतो. मसुदा मला आवडला. प्रश्न एवढाच, की यांतल्या कुणावर नेम धरायचा? रिअॅक्टरवर, की वळणावर? काका म्हणाले, "म्हणूनच तर प्रशिक्षण हवं."

नेमबाजीचंच म्हणाल तर आपल्याकडे खरे नेमबाज आहेत. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होता आणि 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. मध्य रेल्वेचं काहीतरी ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचलं, या बातमीने डोंबिवली स्टेशनावर जो आनंद झाला तो पदकतालिकेत मावणारा नव्हता. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव, श्वासावर ताबा आणि मनाची शांती होती. काकांना सकाळची बॅच हवी आहे, तीही दूध आणायच्या वाटेवर.

हत्याराचा बाजारही त्यांनी पाहून ठेवला आहे. 9 मिलिमीटरचं आपल्याला मिळत नाही, ते निषिद्ध बोअर. सामान्य माणसाने .32 किंवा .22 वर समाधान मानायचं. कानपूरच्या आयुधनिर्माणीने जानेवारी 2014 मध्ये खास बायकांसाठी 'निर्भीक' नावाचं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं: वजन 500 ग्रॅम, किंमत 1,22,360 रुपये, आणि मिळायचं ते दागिन्यांसारख्या मरून रंगाच्या पेटीत. पुढे ईशापूरचं 'निडर' आलं, ते साधारण 250 ग्रॅमचं. काकांनी मोबाइलवर मरून पेटीचा फोटो काकूंना दाखवला. काकूंनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "पेटी छान आहे हो. पेटी ठेवून घेऊ, आतलं परत करा."

काकूंची सगळी नोकरी व्हीटीला झाली. इतकी वर्षं महिलांच्या डब्यात नि पुलाच्या गर्दीत त्यांनी स्वसंरक्षण केलं ते एका सेफ्टी पिनेवर. "हिला एस-1 लागलं नाही," त्या सांगतात, "आणि इलेक्शन आलं म्हणून पोलिसांत जमाही करावी लागली नाही." हा टोला नेमका लागला. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. 2024 मध्ये ठाणे-कल्याणात लोकसभेचं मतदान 20 मे ला आणि विधानसभेचं 20 नोव्हेंबरला झालं. ज्या आठवड्यांत पुढाऱ्याच्या जिवाला म्हणे सर्वांत जास्त धोका असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत त्याचं संरक्षण पोलिसांच्या कपाटात पावती लावून ठेवलेलं असतं. आणि तरी सगळे जिवंत राहून प्रचार करतात, एकमेकांच्या सभांना शिव्या देतात, निकालानंतर एकमेकांना पेढे भरवतात. यावर कुणी संशोधन केलेलं मला माहीत नाही.

काकांचं खरं मन मोडलं ते नियम 32 ने. सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या सॅकसारख्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं हवं. नाचवणं, दाखवणं बंद. म्हणजे खिशातलं पिस्तूल नुसतं खिशात टाकून चालत नाही! आणि झाकायचंच असेल तर घ्यायचं कशाला? दिसलंच नाही तर वट बसणार कशी? आपल्याकडे कंबरेचा घोडा हा शर्ट किंचित वर करून दाखवण्यासाठीच असतो. वाढदिवसाच्या बॅनरवर, हळदीच्या नाचात, जमिनीच्या मोजणीला. मुळशीत मनोरमा खेडकरांनी जमिनीच्याच वादात पिस्तूल हातात घेऊन शेतकऱ्यांना दरडावलं. त्याचं चित्रण जुलै 2024 मध्ये सगळीकडे फिरलं आणि बाई रायगडाच्या पायथ्याशी एका लॉजमध्ये पोलिसांना सापडल्या. हवेत बार काढणाऱ्यांसाठी 2019 च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला आहे, पण हळदीच्या डीजेपुढे संसदेचा आवाज पोचत नाही.

समजा काकांनी सगळं नियमाने केलं. होल्स्टर घेतलं, वर बंडी, बंडीवर शर्ट. आणि सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये चढले. वेळ आली तर हत्यार झटकन काढता आलं पाहिजे. आता या गाडीत चढताना जो हात वर गेला तो ठाण्यापर्यंत वरच राहतो. खाली राहिला तो खालीच. मोबाइल वाजला तर दिव्यापासून प्रयत्न सुरू करावा तेव्हा कळवा येताना हात खिशापर्यंत पोचतो, आणि तेव्हा समजतं की खिसा शेजारच्या माणसाचा आहे. अशा ठिकाणी काकांनी पिस्तूल काढलंच तर ते कुणाच्या कंबरेचं असेल याची हमी कुठलं प्रमाणपत्र देणार? शिवाय चौथ्या सीटवरचा माणूस पिस्तूल बघून उठेल, असं ज्याला वाटतं त्याने मध्य रेल्वेने कधी प्रवासच केलेला नाही. तो म्हणेल, "काका, ते जरा बरगडीत टोचतंय, पलीकडे घ्या."

दरम्यान सोसायटीत काकांच्या बेताची कुणकुण लागली आणि सेक्रेटरींनी वार्षिक सभेच्या अजेंड्यावर विषय टाकला: सभासदांनी सभेस येताना परवान्याची हत्यारं गेटवर जमा करावीत. एकाही सभासदाकडे हत्यार नाही. तरी चर्चा दीड तास झाली. रजिस्टरमध्ये रकाने किती, पावतीवर सही कुणाची, भाडेकरूंना वेगळा नियम का, वगैरे. शेवटी वॉचमनला बोलावून जबाबदारी समजावून सांगितली. तो म्हणाला, "साहेब, कोणी नाहीच दिलं तर मी काय करू? माझी शिट्टीपण फुटलीये." त्यावर खजिनदार काका तावातावाने उभे राहिले, सुरक्षेच्या नावाखाली वाटेल तो खर्च मंजूर होणार नाही असं त्यांनी बजावलं, आणि शिट्टीसाठी तीन कोटेशनं मागवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.