इंटरमिजिएट ड्रॉइंगचा सूड

कुणाला सांगणार नसाल तर सांगते. तुमची मुलं-सुना इकडे न्यू जर्सीत काय करतात, याची तुम्हाला कल्पना नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती पांढऱ्या भिंतीला पाठ लावून बसतात, 'हो गं आई, काम फार आहे' म्हणतात, आणि तुम्ही डोंबिवलीत, कोथरूडमध्ये चारचौघांत सांगता की आमचा बंड्या क्लाउडमध्ये आहे. पुढच्या रविवारी त्याला फोन जरा डावीकडे वळवायला सांगा. डावीकडे ईझल आहे. ईझलवर अर्धवट रंगवलेला कॅनव्हास आहे. आणि त्याच्यामागे ओट्यावर दोन बरण्यांत काहीतरी बुडबुडतं आहे. ते काय आहे ते नंतर सांगते, आधी बसून घ्या.

एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत कुठल्याही मराठी घराचं गॅरेज उघडून बघा. गाडी आत नसते. ती बाहेर बर्फात उभी असते, आणि घरधनी सकाळी फावड्याने तिला उकरून काढत असतो, कारण गॅरेजमध्ये बाईसाहेबांचा स्टुडिओ झाला आहे. अ‍ॅक्रिलिकच्या बाटल्या, रेझिनचे डबे, आणि रंग सांडू नयेत म्हणून फरशीवर अंथरलेली सोलापुरी चादर. हो, तुम्ही बॅगेचं वजन चुकवून पाठवलेली, तीच. फ्रिजवर पूर्वी पोराच्या लसींचं वेळापत्रक असायचं, तिथे आता हस्तकलेच्या दुकानाची सवलतीची कुपनं लटकतात.

आता हे कुणी बिघडवलं? लोक अमेरिकेला नावं ठेवतात. मी म्हणते, आधी आपल्या शाळेला ठेवा. जरा बरी फुलं काढणाऱ्या प्रत्येक मुलाला आपण ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवलं, मग इंटरमिजिएटला बसवलं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. स्मरणचित्रात दरवर्षी बसस्टॉप, नाही तर भाजीबाजार. पोरांनी जीव लावून रंगवलं, बी ग्रेड आणली, कुणी ए आणली. आणि दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात रंगपेटी माळ्यावर गेली. 'आता अकरावी सायन्स. चित्रं काय, नंतर आहेतच.' हे 'नंतर' म्हणजे कधी, ते कुणी सांगितलं नाही. आपण ते बोलायचं म्हणून बोललो होतो हो! कार्ट्यांनी खरं धरलं.

आणि ते 'नंतर' आणून दिलं कुणी, तर अमेरिकेच्या व्हिसा खात्याने. एकजण एच-वन-बीवर येतो, जोडीदार एच-फोरवर. एच-फोरवर इथे राहता येतं, कॉलेजात शिकता येतं, पगार मात्र घेता येत नाही. २६ मे २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मिळू लागला, पण तोही मुख्यतः जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत सरकलेलं असेल तर. तोवर काय करायचं? हिंजवडीत वीस जणांची टीम हाकणारी बाई, सकाळी साडेआठला नवरा गेला की सोफ्यावर. बाहेर उणे आठ. बस नाही, रिक्षा नाही, दारावर भाजीवाला नाही. आधी ती घर लावते. मग पुन्हा घर लावते. मग रडते, यावर मी थट्टा करणार नाही, इथे आलेल्या कितीतरी जणींचं हे झालेलं आहे. आणि मग एक दिवस दुकानातून बारा रंगांची पेटी घेऊन येते.

इथवर कुणी समजून घेईल. रिकामपण आहे, करू दे बापडी. पण परवाना आल्यावर, नोकरी लागल्यावर हे थांबायला हवं होतं की नाही? थांबत नाही! संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटतो आणि ब्रश बाहेर येतो. रात्री साडेअकराला बाई ढगाला खालून जांभळी सावली देत असते. परीक्षा नाही, ग्रेड नाही, बढती नाही, पुढे कुठे अ‍ॅडमिशन नाही. नुसतं बरं वाटतं म्हणून! आपल्या सात पिढ्यांत बरं वाटतं म्हणून कुणी काही केलं होतं का?

यांना फूस लावणारेही आहेत. बॉब रॉस म्हणून एक गृहस्थ होते, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप घातल्यासारखे. १९८३ ते १९९४ त्यांचा 'द जॉय ऑफ पेंटिंग' इथल्या सार्वजनिक टीव्हीवर चालायचा. ४०३ भाग, आणि दर भागात अर्ध्या तासात एक अख्खं तैलचित्र. कॅनव्हासला आधी पातळ पांढरा रंग फासायचा आणि तो ओला असतानाच वरून डोंगर, झाडं, पाणी. वाळायची वाट बघायलाच नको. मी जरा त्यांची कुंडली काढली. तर माणूस फ्लोरिडाचा, हवाई दलातला, आणि बदली झाली थेट अलास्काला! बर्फाचे डोंगर बघून हरखला आणि ड्यूटी संपली की वाळूतून सोनं चाळायच्या ताटल्यांवर तेच डोंगर रंगवून विकायला लागला. म्हणजे बघा, मूळ भानगड बदलीचीच आहे.

परिणाम काय? आमच्यातल्या एकीने राजगड काढला. बालेकिल्ल्यावर बर्फ, पायथ्याशी पाइनची झाडं, आणि समोर निळंशार तळं. तिच्या सासऱ्यांनी पुण्याहून चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि विचारलं, "सूनबाई, हा स्वित्झर्लंडचा का?" तिने खरं सांगितलं. त्यांनी फोन सासूबाईंकडे दिला.

वारलीची दशा तर विचारूच नका. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने चौक लिहितात, मधोमध पालघट देवी असते, आणि ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा मशे यांनी सत्तरच्या दशकापासून हीच चित्रं कागदावर, कापडावर काढून जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळाली त्यांना. आणि आमच्याकडे? एकीने नाचाच्या फेरातला तारपा वाजवणारा उठवला आणि त्याच्या जागी हॅलोविनचा भोपळा बसवला. डिसेंबरात तोच फेर ख्रिसमस ट्रीभोवती. दोन त्रिकोण जोडले की माणूस होतो, म्हणून ही कला सोपी, असा समज करून घेतलाय सगळ्यांनी. चौकाला लग्न लागतं, गाणी लागतात, भिंत लागते. हे मला मनापासून खटकतं, यात मसाला नाही.

पण थांबा, पुढचं ऐका. त्या भोपळेवालीनेच डहाणूकडचे एक चित्रकार शोधून काढले आणि त्यांच्याकडे ऑनलाइन शिकवणी लावली. त्यांच्या सोयीच्या वेळी, म्हणजे इथल्या मध्यरात्री. आता ती भोपळा काढत नाही. चौकही काढत नाही. म्हणते, तो माझा नाही काढायचा. भातशेत काढते, कोंबड्या काढते, आणि एकेक कोंबडी पुन्हा पुन्हा गिरवते. भल्या घरची बाई रात्री दोन वाजता कोंबड्या गिरवते आहे, आणि नवरा म्हणतो, छान जमली गं शेपटी!

आता त्या बरण्या. ही तुमच्या चिरंजिवांची भानगड. घरी असताना ज्याने स्वतःचं ताट उचललं नाही, तो आता पीठ आणि पाणी बरणीत कालवून त्याला दिवसातून दोनदा खायला घालतो. सावरडो म्हणतात. हवेतलं, पिठातलं यीस्ट आपोआप धरतं, सोबत आंबट करणारे जिवाणू, आणि त्यावर पाव फुगतो. २०२०च्या टाळेबंदीत दुकानांतून यीस्टची पाकिटं गायब झाली तेव्हा घरोघरी या बरण्या आल्या, त्या गेल्याच नाहीत. आईला फोन करायला सवड नसते, पण पिठाची वेळ टळत नाही. गावाला जाताना शेजाऱ्याला किल्ली देतात, कशाला, तर पिठाला खायला घाल म्हणून! वजनाला डिजिटल काटा, पाण्याचं तापमान मोजायला थर्मामीटर, आणि प्रत्येक पावाची नोंद एक्सेलमध्ये.

अशाच एका घरी सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या.

"हे काय रे आंबलंय?"

"स्टार्टर आहे आई. त्यातलं रोज अर्धं काढून टाकायचं आणि नवीन पीठ घालायचं."

"टाकायचं?"

दुसऱ्या दिवशी त्याने बरणी उघडली तर अर्धं गायब. आईने तांदळाची पिठी आणि चिमूटभर मेथीपूड घालून आंबोळ्या केल्या होत्या. टाकायचंच होतं ना, मग पोटात का नको, या प्रश्नाला त्याच्या एक्सेलमध्ये रकाना नव्हता. आता माय-लेक दोघंही त्याच नादाला लागलेत, आणि बाबा ठाण्याला एकटेच डबा लावून जेवताहेत. झाली ना घराची वाताहत!

तुम्ही म्हणाल, नवी पिढी वाया गेली. अहो, हा प्रकार जुना आहे. मधुर जाफरी पन्नासच्या दशकात दिल्लीहून लंडनला गेल्या त्या नटी व्हायला, 'राडा' नावाच्या नाट्यशाळेत शिकायला. शाळेत स्वयंपाकाच्या परीक्षेत नापास झालेली मुलगी. तिथलं जेवण घशाखाली उतरेना, तेव्हा आईला पत्र घालून पाककृती मागवल्या आणि विमानाच्या टपालाने आलेल्या त्या पत्रांवर स्वयंपाक शिकल्या. १९६५ साली 'शेक्सपिअरवाला'साठी बर्लिनला उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार घेतला, आणि १९७३ साली चक्क स्वयंपाकाचं पुस्तक काढलं. एवढा पुरस्कार घेऊन पुन्हा फोडणीत! आपल्याकडच्या मुली निदान कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' बॅगेत घालून आल्या. १९७० सालचं पुस्तक, सगळी मापं वाटी-चमच्यांत. इथल्या कपात मावतं २४० मिलीलीटर, आणि कुठली वाटी धरायची यावरून दोन नवरा-बायकोंचं बोलणं बंद झाल्याचं मला ठाऊक आहे.

बरं, पुस्तकाप्रमाणे करतील तर शपथ. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास क्रॅनबेरी आली की तिचं लोणचं. चवीला चांगलं होतं, ते मी नाकारणार नाही, आंबट-तुरट असल्यामुळे मोहरी-मेथीला धरून राहतं. बटरनट स्क्वॉशचे घारगे. रिकोटा चीजचा कलाकंद, तोही चालतो. रिकोटाचे पेढे मात्र मी खाल्ले आहेत आणि साताऱ्याच्या माणसाला दाखवू नयेत. इडलीचं पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून रात्रभर ठेवतात, नुसत्या दिव्याच्या उबेवर फुगवतात. आणि हिंग-मोहरीची फोडणी द्यायची तर एकाने पळी धरायची आणि दुसऱ्याने धुराच्या अलार्मखाली टॉवेल हलवत उभं राहायचं. मी म्हणते, लग्नं टिकताहेत ती यामुळेच की काय कोण जाणे.

इतकं करून मुकाट्याने खातील तर तेही नाही. विकायचं असतं! त्यातही न्यू जर्सीचा तोरा. घरच्या भट्टीतली केक-बिस्किटं विकायला परवानगी देणारं हे देशातलं शेवटचं राज्य, नियम आले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. परवाना काढा, वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आत विका, आणि फ्रिजबाहेर टिकेल तेच विका. शंकरपाळ्यांना अडचण नाही. ओल्या नारळाच्या करंजीचं काय, यावर मंडळाच्या गणपतीत पार्किंगमध्ये आरती संपेपर्यंत वाद चालला होता, आणि प्रसादाला करंज्या संपल्या म्हणून तो मिटला.

त्याच गणपतीत खरा तमाशा झाला. हॉलच्या एका भिंतीला चित्रांची टेबलं मांडली होती. आपली माणसं आली, चित्रापुढे उभी राहिली, आणि पहिला प्रश्न, "किती वेळ लागला हो?" दुसरा, "फ्रेमसकट का?" तिसरा, "दोन घेतली तर?" एका काकांनी खिडकीतल्या पावसाचं सुंदर जलरंगातलं चित्र उलटं करून मागे किंमत शोधली. एका वहिनींनी सोफ्याच्या उशीचा फोटो दाखवून विचारलं, या रंगात आहे का.

आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक नवीन मुलगी. एच-फोरवर, परवाना अजून आलेला नाही, म्हणजे एक डॉलरही घेणं शक्य नाही. तिने बिचारीने प्रत्येक चित्राखाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती, 'विक्रीसाठी नाही'. झालं! सगळा हॉल तिच्याकडे लोटला. विकत नाही म्हणजे काय? कुणाकडे शिकली? मुंबईत जहांगीरला लावली होती का? उशीवाल्या वहिनी तर हळूच म्हणाल्या, मला एक बाजूला काढून ठेव, कुणाला सांगू नकोस. ती पोर कानकोंडी होऊन सगळ्यांना व्हिसाचे नियम समजावत होती आणि लोक माना डोलावत म्हणत होते, किती नम्र आहे बघा.

परवाच्या दिवाळी मेळाव्यात मी मुद्दाम चक्कर मारून आले. ग्रीन कार्डवाल्या, सिटिझन झालेल्या, वीस वर्षं इथे काढलेल्या बायका. झाडून सगळ्यांच्या चित्रांखाली तीच चिठ्ठी. एकीने तर चकल्यांच्या डब्यावरही लावली होती.