तीच गाणी, नवी नी-कॅप

बायकोच्या भजनी मंडळाची काशीयात्रा मी दोन वर्षं टाळत आलो होतो. कारणही स्पष्ट सांगितलं होतं. चाळीस बायका, एक बस, तेच अभंग, तोच क्रम आणि शेवटी तेच पसायदान. एकदा ऐकलं की झालं की! ती तेव्हा काही बोलली नाही. आमच्या घरात न बोललेलं मुदत ठेवीत जातं, व्याजासकट परत मिळतं.

लंडनला आम्ही गेलो ते आयर्न मेडनसाठी. म्हणजे मी मेडनसाठी, ती बिग बेनसाठी. २८ जून २०२५, लंडन स्टेडियम. स्टीव्ह हॅरिसनं १९७५च्या नाताळात हा बँड काढला, त्याच्या पन्नाशीचा दौरा. माझी पन्नाशी आदल्याच वर्षी होऊन गेली होती. त्यात मला एक नी-कॅप आणि साखर कमी करण्याचा सल्ला मिळाला होता.

मेडन घरात आला तो ‘पॉवरस्लेव्ह’च्या कॅसेटमधून. मी शाळेत होतो. त्या कॅसेटवर इजिप्तचं देऊळ आहे आणि मधोमध फॅरोच्या थाटात बसलेला एडी, म्हणजे बँडचं ते कायमचं भूत. आईनं चष्मा नसताना पाहिलं आणि इतिहासाचा अभ्यास समजून मला दूध आणून दिलं. वडिलांनी ऐकलं आणि मिक्सर कुणी चालू ठेवलाय म्हणून स्वयंपाकघरात जाऊन आले.

पहिलं प्रत्यक्ष दर्शन १ फेब्रुवारी २००८ला, वांद्रे-कुर्ला संकुलात. त्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत फुटला होता. बँड आणि टनावारी सामान एकाच बोइंग ७५७मधून आलं आणि वैमानिक कोण, तर गायक ब्रूस डिकिन्सन! ऑर्केस्ट्राच्या टेम्पोच्या ड्रायव्हरनंच उतरून किशोरकुमारची गाणी म्हणावीत, तसं. त्या रात्री ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ झालं. कोलरिजच्या कवितेवरचं तेरा मिनिटांहून लांब गाणं. मधे ते इतकं संथ होतं की नुसतं जहाज करकरतं. माझा मित्र तेवढ्यात पाणी आणायला गेला, रांगेत भांडला, परत आला, तरी खलाशी समुद्रातच.

लंडनमध्ये स्टेडियमच्या आधी जन्मस्थळ. स्ट्रॅटफर्डला ‘कार्ट अँड हॉर्सेस’ नावाचा पब आहे. सुरुवातीच्या काळात मेडन तिथे वाजवायचा. दाराशी पाच-सहाशे काळे टी-शर्ट, त्यांत तितकीच पोटं. प्रत्येक टी-शर्टावर दौऱ्याचं वर्ष. जितकं जुनं वर्ष, तितका मान. माझ्या २००८च्या टी-शर्टाकडे एका पांढऱ्या दाढीनं नवशिक्याकडे पाहावं तसं पाहिलं; त्याचा १९८२चा होता आणि त्याला भोकंच जास्त होती.

“इथे नेमकं कुणाचं काय झालं?” बायकोनं विचारलं.

“बँड मोठा झाला.”

“मग पाटी तरी नीट लावायची.” तिनं लिंबाचं सरबत मागवलं. बारमनला ते बनवायला इतका वेळ लागला की त्या अवधीत दोन पिंप रिकामी झाली असावीत.

आम्ही मुद्दाम बैठकीची तिकिटं काढली होती, दोन माझ्या गुडघ्यांसाठी असं म्हटलं तरी चालेल. पण कार्यक्रमाआधी स्पीकरवर यूएफओ बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’ लागलं. मेडनच्या भाविकांसाठी ही तिसरी घंटा. पुढचा उठला म्हणून मी उठलो, मी उठलो म्हणून मागचा उठला आणि मग दोन तास खुर्च्यांवर फक्त आमची जाकिटं बसली.

या दौऱ्यात फक्त १९८० ते १९९२मधली गाणी होती. म्हणजे आश्चर्याला वाव जवळजवळ नाहीच. ‘ट्रूपर’ला ब्रूस लाल कोट घालून झेंडा फिरवणार, हे ठाऊक. फिरवला. एडी रंगमंचावर येणार, हेही ठाऊक. आला, कुऱ्हाड घेऊन. गावाचं नाव घेऊन ब्रूस आम्हाला किंचाळायला सांगणार. सांगितलं. आम्ही जणू आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलंय, असे किंचाळलो. ढोलकांमागे मात्र निको मॅकब्रेन नव्हता. आदल्या डिसेंबरात तो दौऱ्यांतून निवृत्त झाला आणि सायमन डॉसन आला. या बदलावर आमच्या रांगेत जी कुजबुज झाली, ती बालगंधर्वांच्या जागी दुसरा कुणी उभा राहिला असता तर जेवढी झाली असती तेवढीच.

हॅरिस एकोणसत्तर वर्षांचा. गिटारवर आवडत्या वेस्ट हॅम क्लबचं चिन्ह, आणि लंडन स्टेडियम म्हणजे त्याच वेस्ट हॅमचं मैदान. माणूस स्वतःच्या अंगणात उतरावा तसा तो पाय कठड्यावर ठेवून प्रेक्षकांवर गिटार रोखत होता. यानिक गेर्स गिटार गळ्याभोवती फिरवत एका पायावर नाचत होता.

बायकोनं कानातले कापसाचे बोळे काढून विचारलं, “हा गुडघ्यांना कुठलं तेल लावतो?”

तेवढ्यात ‘राइम’ सुरू झालं. जहाज करकरू लागलं. मी त्याच मुहूर्ताची वाट पाहत होतो. पटकन बसलो आणि डोळे मिटले. सतरा वर्षांनी तोच संथ तुकडा, तोच अंधार. खांद्यावर हात पडला. १९८२चा टी-शर्ट मागच्याच रांगेत होता. तो म्हणाला काहीच नाही, फक्त वरती बोट केलं. मंदिरात पाय पसरून बसलेल्याला पुजारी उठवतो, तसं. मी उठलो. त्याला बायकोनं पर्समधली भडंगाची पुडी दिली. गाणं संपेपर्यंत तो ती खात होता आणि डोळे पुसत होता. तिखटानं की गाण्यानं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

शेवटी नेहमीप्रमाणे माँटी पायथनचं ‘ऑलवेज लुक ऑन द ब्राइट साइड ऑफ लाइफ’ लागलं. हजारो माणसं शिट्टी घालत, लंगडत स्ट्रॅटफर्ड स्टेशनकडे निघाली.

हॉटेलवर बायको गुडघ्याला तेल चोळत काहीतरी बोलत होती. माझ्या कानात अजून तीन गिटारी वाजत होत्या. तिचे ओठ हलले की मी मान डोलवून “हो” म्हणत होतो.

सकाळी चहाबरोबर तिनं फोन पुढे केला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर माझं नाव रात्रीच गेलं होतं. काशीयात्रा, बस, खिडकीची सीट, बॅगा चढवण्याची जबाबदारी माझी. खाली चाळीस जणींचे हात जोडलेले होते.

“तेच अभंग आहेत हं,” ती म्हणाली, “त्याच क्रमानं.”