एका ढगासाठी

आकाशाचे फोटो काढणारा माणूस ढगांचा हाडवैरी असतो. अमावास्येजवळचे शनिवार तो लग्नमुंजींच्या तावडीतून वाचवून ठेवतो, दुपारपासून उपग्रहाची चित्रं तपासतो आणि संध्याकाळी पश्चिमेला चिमूटभर पांढरं दिसलं तरी त्याचा चेहरा पडतो. आणि एवढं करून रात्री त्याला हवा असतो तो एक ढगच. फक्त तो सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षांवरचा, वायूचा आणि धुळीचा असावा एवढीच अट.

मृगातला हा तेजोमेघ सापडायला सोपा. हरणाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि बाणाच्या दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची छोटी रांग. त्या रांगेतला मधला तारा साध्या द्विनेत्रीतून धुरकट दिसला की समजावं, पोचलो. गंमत म्हणजे उभा महाराष्ट्र मृगाची वाट पाहतो ती जूनमध्ये, सूर्य स्वतःच मृगात जाऊन बसलेला असताना, म्हणजे मृग दिसायची काडीमात्र शक्यता नसताना. धनू राशीतले तेजोमेघ तर त्याहून खट्याळ. ते मध्यरात्री ऐन भरात येतात जून-जुलैत, आणि तेव्हा आपल्याकडे छत्र्या उघडलेल्या. त्यांना गाठायचं तर मार्चमध्ये पहाटे उठावं लागतं.

वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी असलेला खेकडा तेजोमेघ मात्र अंत पाहतो. चार्ल्स मेसिएला तो 1758 मध्ये धूमकेतूच वाटला होता आणि पुन्हा अशी फसगत नको म्हणून त्यानं आपली प्रसिद्ध यादी सुरू केली. छोट्या दुर्बिणीतून हा खेकडा बघायचा म्हणजे त्याच्याकडे बघायचं नाही, जरा शेजारी बघायचं. अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या मधोमध नसतात, कडेला असतात. सरळ पाहिलं की तो गायब, नजर तिरकी केली की हजर. हल्ली बटण दाबताच स्वतःच वळून नेम धरणारी यंत्रं मिळतात. त्यात मला शिकारीची मजा वाटत नाही; अर्थात थंडी वाजायला लागली की मत बदलतं.

फोटोचं प्रकरण वेगळं. मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर या अमेरिकन डॉक्टरनं 1880 च्या सप्टेंबरात काढला, 51 मिनिटं काच उघडी ठेवून. तेवढा वेळ दुर्बीण आकाशाबरोबर फिरत राहायला हवी, कारण पृथ्वी कुणासाठी थांबत नाही. साध्या तिपाईवर 50 मिलिमीटरची लेन्स लावली तर दहाएक सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर. मध्ये टेकडी, टाकी किंवा शेजारची नवी इमारत. शिवाय अढळपद मिळालेला हा तारासुद्धा खऱ्या ध्रुवबिंदूपासून चंद्रबिंबाच्या रुंदीहून जास्त सरकलेला आहे. गोष्टीत हे सांगत नाहीत.

हौशी माणूस 51 मिनिटांचा एकच फोटो काढत बसत नाही. तो छोटे छोटे शेकडो फोटो काढतो आणि संगणकावर एकावर एक रचतो. ही सरळ भिशी आहे. प्रत्येक फोटो आपला किरकोळ हप्ता भरतो आणि शेवटी एकाच चित्राच्या हाती घसघशीत रक्कम पडते. प्रकाश दर वेळी त्याच जागी येतो, कॅमेऱ्याची खरखर दर वेळी वेगळी. शंभर फोटो रचले की खरखर त्या मानाने दहा पटींनी दबते. उरलीसुरली काढण्यासाठी झाकण लावूनही फोटो घ्यायचे असतात. त्यांत कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष तेवढे उमटतात, ते मग वजा करता येतात.

हे शेतघराच्या मालकाला समजावणं कठीण. गावाबाहेर अंधार शोधत गेलेल्या शहरी मंडळींची त्याला मनापासून काळजी. मध्यरात्री कॅमेऱ्याला झाकण लावून फोटो काढत बसलेला माणूस दिसल्यावर त्यानं दुसरं काय करावं? “साहेब, अंधारात धडपडाल,” म्हणत तो अगत्यानं हॅलोजन लावतो. सगळी रात्र धुऊन निघते. रागावता येत नाही, कारण चहाही तोच आणतो.

सगळं जुळून आलं तर पडद्यावर गुलाबी-लाल पंखांचा तेजोमेघ उमटतो. मग आत्या दुर्बिणीला डोळा लावून म्हणते, “इथे तर राखाडी दिसतंय. रंग तू भरलास ना?” भरला नाही, ओढून काढला. अंधुक प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत आणि डोळा साठवूनही ठेवत नाही; क्षणभर पाहिलं की पाटी कोरी. तो लाल रंग तापलेल्या हायड्रोजनचा, खराखुरा. बाजारात मिळणाऱ्या साध्या कॅमेऱ्यातली गाळणी तो बराचसा अडवते, म्हणून काही जण नवा कोरा कॅमेरा उघडून ती काढून घेतात. हे ऐकून घरच्यांना वेगळीच धडकी भरते.

आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आतून तिच्या लग्नाचा अल्बम आणला. “साडेतेराशे वर्षांपूर्वीचं उजळतोस, मग हे एकोणीसशे बहात्तरचं काय अवघड आहे? तुझ्या काकांचा चेहरा तेवढा दिसू दे.” एकाच फोटोवर भिशी चालत नाही, हे तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, चहा घेऊन मग बस.