स्थिर संकेतस्थळाची शास्त्रोक्त प्रतिष्ठापना

नियम पहिला: यजमानाचं म्हणणं ऐकून घ्यावं, मनावर घेऊ नये. आमच्या वहिनींचं म्हणणं एवढंच होतं, "भावोजी, भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला, तिन्हींचे भाव आणि माझा नंबर. दिवाळीच्या आत एक पान करून द्या." तेव्हा नवरात्र चालू होतं. वेळ भरपूर होता, तिथेच घात झाला.

स्थिर म्हणजे काय, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावलं. वर्डप्रेस म्हणजे गिऱ्हाईक आलं की तवा तापवायचा. इथे सगळी पानं आधीच करून डब्यात भरायची. येईल त्याच्यापुढे डबा उघडायचा. डेटाबेस सांभाळायला नको, आणि गिटहब पेजेसवर ठेवायला फुकट. "म्हणजे माझ्या फराळासारखंच की," त्या म्हणाल्या आणि भाजणी भाजायला गेल्या.

नियम दुसरा: ही पानं करून देणारा जनरेटर निवडताना घाई करू नये. जेकिल 2008 चा, रूबीतला; त्याच्यासाठी आधी रूबी बसवा, मग जेम्स, मग त्या जेम्सच्या आवृत्त्यांचे रुसवेफुगवे काढा. ह्यूगो 2013 चा, गो भाषेतला. एकच फाइल, उतरवली की चालू. शहाणा माणूस सरळ ह्यूगो घेतो. मी चार दिवस रुसवे काढले, मग ह्यूगो घेतला.

नियम तिसरा: थीम निवडावी. (आठ दिवस.)

नियम चौथा: मजकूर मार्कडाउनमध्ये लिहावा. माथ्यावर तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये शीर्षक, तारीख अशी पत्रिका मांडावी. ही पत्रिका यॅमलमध्ये लिहितात, आणि यॅमलचं सोवळं कडक असतं: समासाला टॅब चालत नाही, स्पेसच द्यावी. आणि पानाच्या पत्त्यात देवनागरी घालू नये. पत्ता कॉपी करून पाठवला की 'भाजणी'चा टक्क्यांच्या चिन्हांसकट चिवडा होतो.

नियम पाचवा, हा मात्र गंभीरपणे: पत्रिकेत 'ड्राफ्ट: ट्रू' राहिलंय का बघा. ह्यूगो नवं पान करताना ते स्वतःहून घालून देतो आणि असं पान प्रसिद्ध करत नाही. मी घरी 'ह्यूगो सर्व्हर'ला ड्राफ्टही दाखवणारा 'डॅश डी' जोडून चालवत होतो, त्यामुळे मला 1313 पोर्टवर भाजणी झकास दिसत होती. जगाला नुसतं शीर्षक. दोन दिवस मी डीएनएसला शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

या दोन दिवसांत वहिनींनी वहीच्या पानावर भाव लिहिले, पानाचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला. फोटोच्या कोपऱ्यात तेलाचा डागही आहे.

माझं पान पाडव्याला जगाला दिसलं. भाजणी वसुबारसेलाच संपली होती. मेतकूट थोडं शिल्लक आहे. भाव मात्र वहिनींच्या स्टेटसवरचा धरावा, माझ्या पानावरचा जुना आहे.