तोंड नको, पाठ दाखवा

कागल तालुक्यात माणूस कुठल्या गटाचा हे गाडीच्या मागच्या काचेवरून कळतं आणि त्याचं सध्या कसं चाललंय हे चाकांवरून. काचेवरचे साहेब बदलायला निदान निवडणूक तरी यावी लागते. चाकं बदलायला काहीही पुरतं. उसाचं बिल जमा झालं, पोरगं पर्मनंट झालं, मेव्हण्यानं नवी गाडी काढली, की आलीच रविवारी मुरगूडची एखादी गाडी निपाणीत नाहीतर कोल्हापुरात अलॉय चाकांच्या दुकानापुढं. गाडी जुनी स्विफ्ट. बंपर एका बाजूनं तारेनं आवळलेला. नंबर ४१४१, म्हणजे वाचायला 'दादा'. दादांना सोळा इंची चाकं पाहिजेत. का? तर पंधरा इंची शेजाऱ्यानं घातलीत.

आता या दादांची नोकरी ऐका, म्हणजे खरी गंमत कळेल. दादा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहेत. दिवसभर कास्टिंग उचलायचं, उलटं करायचं, बॅटरी मारून आत बघायचं, बारीकसा ब्लोहोल दिसला की खडूनं फुली मारून बाजूला टाकायचं. कोल्हापूर म्हणजे ओतकामाचा जिल्हा. म्हादबा मेस्त्रींच्या ऑइल इंजिनांपासून आजच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत इथं वितळलेला धातू कधी थंड पडला नाही. चहाच्या गाड्यावरसुद्धा वाळू, कोअर आणि रिजेक्शनच्याच गप्पा. अशा जिल्ह्यातला, त्यातून इन्स्पेक्शनचा माणूस, बायकापोरं ज्याच्या भरवशावर न्यायची ते ओतीव चाक घेताना पहिला प्रश्न काय विचारतो?

"मालक, ह्यात डायमंड कट हाय का?"

"हाय की पावणं. मॅट ब्लॅक बघा, कडंला लाल पट्टी. सध्या ह्योच चाललाय."

"आमच्या गाडीला बसंल न्हवं?"

"न बसाय काय झालं?"

संपलं इन्स्पेक्शन. कारखान्यात पाणी उपसायच्या पंपाचं झाकण तपासायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात चार चाकं पास. पंपाचं झाकण फुटलं तर रानात चिखल होतो. चाक फुटलं तर काय होतं हे दादांना कुणी सांगायची गरज नाही, फक्त रविवारी ते आठवत नाही.

दादा, तोंड सगळ्याच चाकांचं देखणं असतं. चाक उलटं करा. पाठीवर, आऱ्यांच्या मागच्या बाजूला त्याची कुंडली ओतलेली असते. रिमचा व्यास आणि रुंदी, बोल्टच्या वर्तुळाचं माप म्हणजे पीसीडी, ईटी या अक्षरांपुढं ऑफसेट म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, एका चाकानं जास्तीत जास्त किती किलो भार घ्यायचा तो आकडा, बनवणाऱ्याचं नाव, ओतल्याची तारीख. केंद्र सरकारनं २०२० साली वाहनांच्या रिमसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. अलॉय चाकांचं भारतीय मानक आयएस १६१९२. तेव्हा आयएसआयची खूण आणि तिच्याबरोबरचा परवाना क्रमांकही शोधा. जपानी वळणाच्या चाकांवर जेडब्ल्यूएल असं कोरलेलं दिसेल. पण ती खूण बनवणारा स्वतःच लावतो, म्हणजे 'आम्ही नियमानं बनवलंय हो' एवढंच. शेजारी व्हीआयए असेल तर तिथल्या तपासणी संस्थेकडं नोंद आहे असा अर्थ.

आणि पाठीवर काहीच नसेल तर? तर दुकानदार म्हणतो, "इम्पोर्टेड हाय." चीन, कोरिया आणि थायलंडच्या ओतीव ॲल्युमिनियम चाकांवर आपल्या सरकारनं २०१४-१५च्या सुमाराला अँटी-डम्पिंग ड्युटी लावली, ती काय ही चाकं फार महाग येत होती म्हणून नाही.

खूण दिसली म्हणून हुरळूनही जाऊ नका. साच्यात जे कोराल ते ओतकामात उमटतं, हे कोल्हापूरकराला कुणी शिकवावं? साच्यात आयएसआय कोरलं की आयएसआय उमटतं, अंबाबाई कोरली तर अंबाबाई. म्हणून परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकून बघायचा. मोबाइल हातात आहेच. चाकाबरोबर सेल्फी काढायला तो बाहेर येणारच आहे, त्याआधी मिनिटभर हे काम करा.

आता धातूकडं वळू, कारण खरी मेख तिथं आहे. चांगल्या चाकाचं ॲल्युमिनियम नुसतं ॲल्युमिनियम नसतं. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळं रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो. थोडंसं, ०.३ टक्क्याच्या आसपास, मॅग्नेशियम असतं, त्यानं ताकद येते. आणि लोखंडाचा अंश ०.२ टक्क्याच्या आत ठेवावा लागतो. तो वाढला की धातू ठिसूळ होतो. म्हणजे जुनी पातेली, पिस्टन, तारा असं भंगार एकत्र वितळवून जे चाक निघतं ते दिसायला तसंच दिसतं, पॉलिशही तसंच घेतं, फक्त खड्ड्यात वेगळं वागतं. ओतायच्या तऱ्हाही दोन. वरून नुसता रस सोडायचा ही एक. खालच्या भट्टीतून हलक्या दाबानं रस वर चढवायचा ही दुसरी. तिच्यात रस खळाळत नाही, हवा कमी कोंडते, पोकळ्या कमी राहतात. मोटार कंपन्यांना जाणारी चाकं बहुतेक दुसऱ्या तऱ्हेची. ओतून झाल्यावर साधारण ५४० अंश सेल्सिअसला काही तास तापवायचं, पाण्यात बुडवायचं, मग कमी आचेवर पुन्हा काही तास ठेवायचं. याला टी-सिक्स म्हणतात. ही पायरी गाळली तर वीज वाचते, वेळ वाचतो, आणि रंग मारल्यावर ब्रह्मदेवालाही कळत नाही.

चांगल्या कारखान्यात चाकाचा एक्स-रे काढतात, हवा गळते का बघतात, आणि नमुन्यांना झोडपतात. झोडपायची रीत ऐकण्यासारखी आहे. टायर चढवलेलं चाक १३ अंशांत तिरकं बसवतात आणि २३० मिलिमीटर उंचीवरून त्याच्या कडेवर वजन सोडतात. वजन किती? चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट, अधिक १८० किलो. चाकाचा कमाल भार ५०० किलो असेल तर ४८० किलोचा ठोकळा. आऱ्याला आरपार तडा गेला, किंवा मिनिटाभरात टायरमधली सगळी हवा गेली, की चाक नापास. हे बघायला जर्मनीला जायला नको. वाहनं आणि त्यांचे भाग तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६पासून पुण्यात आहे. शिक्रापूरला एन्केईचा चाकांचा कारखाना आहे, खेडजवळ मॅक्सिऑनचा. हा सगळा माल आपल्याच राज्यात, महामार्गावरून काही तासांच्या अंतरावर तयार होतो. आणि आपण विचारतो लाल पट्टी आहे का.

बरं, चाक चांगलं निघालं तरी ते तुमच्या गाडीचं आहे का? स्विफ्टला चार बोल्ट, पीसीडी १०० मिलिमीटर. क्रेटाला पाच बोल्ट, ११४.३. चार बोल्टांच्या दोन वेगळ्या पीसीडींसाठी आठ भोकं पाडलेलं, 'दोन्हीलाबी चालतंय' छापाचं चाकही बाजारात मिळतं. ते चालतंय म्हणजे विकलं जातंय. बोल्ट जुळले तरी मधलं भोक जुळतंच असं नाही. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, बाजारातल्या पुष्कळ चाकांचं भोक ७३.१. मधली फट भरायला योग्य मापाची रिंग लागते. रिंग नसेल तर चाक हबवर न बसता नुसत्या बोल्टांवर लटकतं, आणि महामार्गावर वेग धरला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. मग दादा तीन वेळा बॅलन्सिंग करून घेतात, अलाइनमेंट करून घेतात, शेवटी 'रस्ता खराब हाय' म्हणून मोकळे होतात.

रस्त्याचं निघालंच आहे म्हणून गणित करू. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो. रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंत त्याचं रबर भरतं १३२ मिलिमीटर. वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर १५ घेतला तर १२०. दादांचा सोळा इंची १९५/५५ घेतला तर १०७. बाहेरचा घेर तिन्हींचा जवळपास तोच, त्यामुळं स्पीडोमीटर फारसा खोटं बोलत नाही. पण धातू वाढला आणि रबर इंचभर कमी झालं. हा गेलेला इंच म्हणजे तुमची खड्ड्याविरुद्धची ढाल.

आता हे चाक घेऊन मुरगूडहून मुदाळ तिट्ट्याकडं निघा. हंगाम चालू आहे. पुढं उसाची डबल ट्रॉली, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, गाणं मात्र जोरात. ओव्हरटेक करायला डाव्या-उजव्या बाजूला घ्यावं तर डांबराची कड तुटलेली. तेवढ्यात स्पीड ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, गाडी त्यावरून हळुवार चढून उतरावी असा. आमच्याकडं उंची पुस्तकाला हरवते आणि रुंदी दोन पाट्या डांबरात आटोपते. लोखंडी रिम अशा ठिकाणी वाकते. पंक्चरवाला घणानं सरळ करतो, गाडी पुढं. अलॉय वाकतं कमी, तडकतं जास्त. मग कुणीतरी सांगतं, "वेल्डिंग मारून घ्या, काय हुत न्हाई." वेल्डिंगच्या आचेनं त्या जागेचं टी-सिक्स उतरतं, म्हणजे भट्टीत तासन्‌तास घालून कमावलेली ताकद तिथंच विरघळते. बाहेरच्या कडेची खरड भरून घ्यायला हरकत नाही. आऱ्याला तडा गेलेलं चाक भंगारात.

"पण अलॉय हलकं असतंय की!" हे वाक्य हमखास येतं. असतं, असायला पाहिजे. १९२४ साली बुगाटीनं टाइप ३५ ही शर्यतीची गाडी ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर फ्रान्समध्ये उतरवली. पण आमच्या बाजारात स्वस्त चाकाला ताकद आणायची तर धातू जाड ओततात, आणि ते कित्येकदा गाडीबरोबर आलेल्या लोखंडी रिमपेक्षा जड भरतं. दुकानात वजनकाटा मागा. कांदे घेताना मागता तसाच.

चाकाच्या पाठीवरचा भाराचा आकडा सात सीटवाल्यांनी विशेष वाचावा. अमावस्येला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जाताना सात सीटमध्ये किती जण असतात हे मामांना ठाऊक आणि चाकाला ठाऊक. मामा सांभाळून घेतात. चाकाकडून ती अपेक्षा नको.

कायद्याचं थोडक्यात. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर बोट ठेवून सांगितलं, की कंपनीच्या मूळ घडणीशी विसंगत बदल गाडीत चालणार नाही. तेव्हा कंपनीनं त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेलं माप घ्या, त्याच्या पलीकडं जाऊ नका. बाहेरून घातलेली चाकं विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवा, नाहीतर चोरीला गेल्यावर भरपाई कशाची मागणार? आणि स्टेपनी लोखंडीच राहणार असेल तर तिचे जुने नट डिकीत ठेवा. अलॉयचे नट तिला बसतीलच असं नाही, आणि हे पावसात, दाजीपूरच्या जंगलात कळण्यात मजा नाही.

दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक मोटार निघते. अख्खं शहर ती बघायला लोटतं. 'चाकं कितीची पडली?' असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

एवढं सगळं ऐकूनही अलॉय घ्यायचंच असेल तर एक स्वस्त आणि बरा मार्ग आहे. नवी गाडी घेतल्या घेतल्या मोठी चाकं घालणारे पुष्कळ हौशी लोक आहेत. त्यांनी काढून ठेवलेली कंपनीची मूळ अलॉय बाजारात मिळतात. तुमच्याच मॉडेलची, पाठीवर कंपनीचा पार्ट नंबर असलेली, तडा किंवा वेल्डिंगचा डाग नसलेली बघून घ्या. नाहीतर बजेट वीस-पंचवीस हजारांचं असेल आणि टायर चार-पाच पावसाळे खाल्लेले असतील, तर त्या पैशात चार नवे टायर घ्या. लोखंडी रिमला काळा रंग मारून घ्या. पाचशे रुपयांत होतं.